उलार

जबलपूरच्या हिंदीत 'उलार' असा एक शब्द आहे. बैलगाडीत मागच्या बाजूला ओझं जास्त झालं, की पुढची बाजू वर उचलली जाते आणि बैलाच्या गळ्याला जोत्याचा फास बसतो. अशी गाडी उलार. मराठीत आपण तिला उलाळ म्हणतो, आणि ओझं पुढे जास्त असेल तर धुरजड. आमचे बाबा वर्ध्याकडून नोकरीसाठी इथे आले, त्यामुळे आमच्या घरात हे सगळे शब्द नांदले. चांगला गाडीवान गाडी किंचित धुरजड ठेवतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. ते डांबरी महामार्गावर कधी उपयोगी पडेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

आमचं शहर तसं ओढण्या-ओढवण्याचंच. 1904 साली इथे तोफगाडी कारखाना आला. साठ-सत्तर वर्षांनी वाहन निर्माणी आली, लष्करी ट्रक बनवणारी. एका कारखान्यात ओढणारी वाहनं तयार होतात, दुसऱ्यात ओढल्या जाणाऱ्या तोफा. 2019 च्या एप्रिलमध्ये पहिल्या सहा 'धनुष' तोफा इथूनच सैन्याच्या हवाली झाल्या. बाबा वाहन निर्माणीत होते. ट्रकमागे काही जोडलेलं असलं, की त्या ट्रकच्या इंजिनाची ताकद ते मोजतच नसत. मागचं किती जड आहे आणि ते कसं चालतं, एवढंच विचारत.

गेल्या हिवाळ्यात पुण्याचा भाचा आला. त्याने गाडीमागे ओढायचं एक छोटं फिरतं घर बनवून घेतलं आहे: एक आस, दोन चाकं, आत पलंग, ओटा, मागच्या भिंतीला पाण्याची टाकी. हौस म्हणून बनवलेलं नाही. त्याची आई, म्हणजे आमची ताई, बहात्तर वर्षांची. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे आणि तासाभरापेक्षा जास्त तिला बसवत नाही. थांबलं की तिला आडवं होता यावं, म्हणून हा सारा खटाटोप. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नसतो, त्यामुळे प्रवासात ती पुढच्या गाडीतच. ग्वारीघाटावर नर्मदेचं दर्शन झालं, भेडाघाट झाला, आता तिला नागपूरला धाकटीकडे जायचं होतं. अंतर सुमारे 270 किलोमीटर. मी सोबत निघालो.

वेगाचा प्रश्न निघाला तो आदल्या रात्री. भाचा म्हणाला, "मामा, चौपदरी रस्ता आहे. 100 ची परवानगी आहे. जितक्या लवकर पोचू तितका आईला त्रास कमी." त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर मोटारीला ताशी 100 किलोमीटरची कमाल मर्यादा आहे, मालवाहू गाड्यांना 80 ची. मोकळ्या रस्त्याचे 250 किलोमीटर धरले, तर 100 च्या वेगाने अडीच तास लागतात, 75 ने तीन तास वीस मिनिटं. फरक पन्नास मिनिटांचा, आणि ती पन्नास मिनिटं ताईच्या पाठीतून जाणार होती. सावकाश जाण्यात कोणाचंच काही जात नाही, असं म्हणायची सोय आमच्यापुरती नव्हती.

तरीही 100 हा आकडा मला पटत नव्हता. तो एकट्या मोटारीचा आकडा आहे. ट्रेलर जोडला की रस्त्यावर दोन वाहनं असतात आणि त्यांच्या मध्ये एक सांधा. वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून गेलेल्या बसमुळे मागचं वाहन त्या सांध्याभोवती डावी-उजवीकडे झुलतं. वेग कमी असला की टायर ते झुलणं दोन-तीन हेलकाव्यांत जिरवतात. वेग वाढत जातो तशी ही जिरवण्याची शक्ती कमी होत जाते, आणि एका वेगापुढे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. मग शेपटी कुत्र्याला हलवते. तो वेग कुठल्या पाटीवर लिहिलेला नसतो. वजन, वजनाची मांडणी, टायरमधली हवा आणि सांध्यापासून आसापर्यंतची लांबी यांवर तो ठरतो. टाकी भरली तरी बदलतो. शिवाय गाडी थांबवताना जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. 75 च्या तुलनेत 100 ला ती पावणेदोनपटीहून जास्त असते.

परदेशात ही हौस जुनी आहे, म्हणून तिथले कायदेही ट्रेलरचा वेगळा विचार करतात. जर्मनीत ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला साधारणपणे 80 ची मर्यादा आहे; ठरावीक अटी पुऱ्या करून शिक्का मिळवला तर 100. ब्रिटनच्या मोटरवेवर ताशी 60 मैल, कॅलिफोर्नियात 55, म्हणजे सुमारे 96 आणि 88 किलोमीटर. आकडे वेगवेगळे, पण ते सगळे वरच्या टोकाचे. खालचा आकडा आपला आपण शोधायचा असतो.

सकाळी निघायच्या आधी मी ट्रेलर वजनकाट्यावर न्यायला लावला. आधी गाडीपासून सोडवून पूर्ण ट्रेलर काट्यावर घेतला: 1140 किलो. मग तो गाडीला जोडून फक्त त्याची चाकं काट्यावर ठेवली: 1080. म्हणजे हिचवर येणारा भार अवघा 60 किलो, जेमतेम पाच टक्के. हा भार एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. अर्थात गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या आत. भाचा आकड्यांकडे बघत राहिला. काट्यावरचा मुनीम ट्रेलरभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "उलार है, भैया."

ऐंशी लिटरची टाकी आसाच्या मागे काठोकाठ भरलेली होती. ती रिकामी केली; पाणी काय, सिवनीलाही मिळतं. जॅक, अवजारं आणि धान्याचा डबा पुढच्या कप्प्यात सरकवला. पुन्हा वजन केलं: एकूण 1060, हिचवर 120. सव्वाअकरा टक्के. किंचित धुरजड. ट्रेलरच्या टायरवर वेगाचं अक्षर 'एल' होतं, म्हणजे 120 पर्यंतचं, तेव्हा ती काळजी नव्हती. थंड टायरमध्ये हवा पुरी भरली. मग तिथेच, गाडी उभी असताना, वेग ठरवला: सपाटीला 75, पाऊस किंवा आडवा वारा असेल तर 60, घाटात 40.

75 च का, 50 का नाही? कारण महामार्गावर फार हळू जाणं हाही धोकाच. नरसिंहपूरकडे उसाच्या दिवसांत मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या संध्याकाळी रस्त्यावर येतात. भरधाव येणाऱ्याला ती ट्रॉली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. अलीकडच्या ट्रकना 80 चा वेगनियंत्रक असतो. 75 ने डाव्या मार्गिकेत चाललं, की आपण जवळपास ट्रकांच्याच वेगाने जातो. ते अंगावर येत नाहीत आणि ओलांडून गेले तरी हळूहळू जातात.

लखनादौनपर्यंत सुरळीत गेलो. पुढे मागून हॉर्न सुरू झाले. ठरवलेला वेग उभ्या गाडीत सोपा असतो. मागे कोणी दिवे मिचकावू लागलं, की पाय आपोआप दाबला जातो. भाच्याची नजर सारखी आरशात जात होती. सिवनीच्या पुढे एक बस जोरात ओलांडून गेली. तिच्या पुढच्या हवेने ट्रेलर बाहेर ढकलला गेला, मागच्या पोकळीने आत ओढला गेला. मला पाठीत जाणवलं. "ब्रेक नको, उलटं वळवू नकोस, वेगही वाढवू नकोस. चाक सरळ धर आणि पाय काढ," मी म्हणालो. दोन हेलकावे, तिसरा अर्धा, आणि ट्रेलर पुन्हा रेषेत. हेच मागे साठ किलो घेऊन आणि 100 च्या वेगाने झालं असतं तर, हा हिशेब आम्ही दोघांनी मनात केला. ताई ऐकत होती, म्हणून बोललो नाही.

कुरई घाटात उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकला. उतारावर ब्रेक दाबून धरले की ते तापतात आणि मागचं वजन पुढच्याला ढकलू लागतं. पेंचच्या जंगलातून जाताना रस्त्याच्या कडांना आवाज आणि दिवे अडवणाऱ्या भिंती आहेत, खालून प्राण्यांना जायच्या वाटा. भिंतीच्या आडोशाला वारा लागत नाही. ती संपली की एकदम आडवा येतो. तिथे 60.

ताईची पन्नास मिनिटं आम्ही तिला परत देऊ शकलो नाही. पण दर तासाला थांबलो, आणि ती मागे जाऊन वीस मिनिटं आडवी झाली. तिसऱ्या थांब्यावर मी विचारलं, फार झालं का गं? ती म्हणाली, "दुखतंय. पण पुढे बसून मागे बघावं लागलं नाही." नागपूरला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. धाकटीने दारातच विचारलं, एवढा उशीर? कोणी काही उत्तर दिलं नाही.

आता तीन आकड्यांची ती चिठ्ठी भाच्याच्या गाडीत डॅशबोर्डला चिकटवलेली आहे. परवा त्याचा फोन आला. ताईला घेऊन कोकणात जायचं आहे, सोबत दोन सायकली आहेत, मागच्या बाजूला स्टँड लावून घेतला आहे. "मामा, 75 च ठेवू ना?"

मी म्हटलं, आकडा नंतर. आधी काट्यावर जा.