चारही काचा ढिम्म!

जुलैतली संध्याकाळ, साकीनाक्याचा ट्रॅफिक आणि शेजारी आई. काचांवर वाफ धरली म्हणून खिडकीचं बटण दाबलं. काहीच नाही. दुसरं दाबलं, तिसरं दाबलं... चारही काचा ढिम्म! रस्त्यावर पाणी जेमतेम घोटाभर होतं, पण आई पांढरीफटक पडली. ‘आधी दार उघड,’ एवढंच म्हणाली.

तिचं चुकलं नव्हतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा काही मुंबईकर बंद गाडीतच गुदमरून गेले. काचांची बटणं बंद, सेंट्रल लॉक बंद आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडेना. मी तिसरीत होते. बाबा अंधेरीहून घाटकोपरला चालत, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. त्यानंतर आमच्या गाडीत हातोडी आली. माझ्या गाडीत? परफ्यूम आणि तीन चार्जर!

सुदैवाने दार उघडलं. दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. मोटर गेली असणार, पगाराविना जगणाऱ्या फ्रीलान्सरच्या खिशाला भगदाड, हे मी धरूनच चालले होते. त्याने आधी फ्यूज बघितला, मग डॅशबोर्डखालून काडेपेटीहून लहान काळी डबी उपटली. ‘ताई, रिले गेलाय.’ पिना हिरव्यागार!

रिले म्हणजे ऑफिसातला प्यून, असं मला समजलं. बटणातून येणारा किरकोळ करंट आतल्या कॉइलला जागं करतो, ती टक् करून संपर्क जोडते आणि मोठा करंट पुढे जातो. टक् ऐकू आलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. ठिणग्यांनी आतले संपर्क जळलेले असले तर आवाज येतो, काम होत नाही. खात्री करायची तर त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघायचा.

आणि पाणी आत आलं कसं? सोसायटीतल्या गुलमोहराखाली पार्किंग! वायपरखालच्या जाळीत पाला साचून निचरा तुंबला होता, पाणी थेंबथेंब फ्यूजबॉक्समध्ये. आता दर रविवारी मी ती जाळी साफ करते. इंजिनावर प्रेशरने पाणी मारणंही बंद.

मग त्याची नजर माझ्या १०० वॅटच्या बल्बांवर गेली. ‘मूळचे साठ-पंचावन्नचे काढले कशाला?’ दोन बल्ब मिळून सोळा अँपिअरच्या वर ओढतात. मूळ वायरिंग आणि रिले तापणारच. शेजारचा पोऱ्या म्हणाला, ‘डायरेक्ट मारून देऊ?’ म्हणजे रिलेच काढून तार जोडायची. दादाने त्याच्याकडे असं बघितलं की मीच घाबरले.

नवा रिले, तेवढ्याच अँपिअरचा, दोनएकशे रुपयांत बसला. बल्बही मूळचे परत लावले. जाताना हार्डवेअरच्या दुकानातून हातोडी घेतली. मारायची बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात. समोरची लॅमिनेटेड असते, ती फुटून बाजूला होत नाही. आईने हातोडी हातात तोलून बघितली आणि म्हणाली, ‘सीटखाली नको. दाराच्या कप्प्यात ठेव.’