पाटण्याचा माळ

“माळावर पाहण्यासारखें तें काय असणार?” चाळीसगांव सोडतांना स्नेह्यानें हंसत विचारलें, आणि मजजवळ उत्तर नव्हतें. पाटण्यास येणारे बहुतेक लोक देवीचें दर्शन घेऊन परततात. आम्हीं मात्र चैत्रांतल्या त्या सकाळीं दर्शनानंतर उघड्या माळाची वाट धरली.

गवत वाळून पिवळें पडलें होतें. पायमोज्यांत कुसळें रुतत होतीं. एक चंडोल गात गात उंच चढला. इतक्यांत एका टिटवीनें डोक्यावर घिरट्या घालून असा कांहीं कलकलाट मांडला कीं, स्नेह्याचें उचललेलें पाऊल तसेंच राहिलें. त्याच्यापुढें वीतभर अंतरावर, खड्यांत खडे दिसावेत तशीं चार ठिपकेदार अंडीं होतीं! आम्ही हलकेंच बाजूस झालों.

त्यावरून मला याच पाटण्याची दुसरी गोष्ट आठवली. १९७२-७३ च्या सुमारास येथें झालेल्या उत्खननांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा सांपडला. त्यावर मानवी हातानें एकमेकींस छेदणाऱ्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. वय सुमारें २५,००० वर्षें! म्हणजे या भूमीवर एके काळीं शहामृग धांवत होते, आणि कवचाचा तुकडाही सजवावा असें वाटणारा मनुष्य येथेंच वावरत होता. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून त्यांचा नातू चंगदेव यानें स्थापिलेल्या मठाची हकीकत सांगणारा येथील १२०७ चा शिलालेख त्या मानानें कालपरवांचाच म्हणावयाचा.

तेव्हांच्या धुळे जिल्ह्यांत, शहाद्याजवळ, १८८४ नंतर पक्षिशास्त्रज्ञांस न दिसलेला रानपिंगळा १९९७ मध्यें पुन्हां आढळला. तो नाहींसा झाला असें विद्वानांनीं मानलें होतें. पांखराला मात्र त्याची वार्ताही नव्हती.

मला त्या दिवशीं एक शल्य टोंचत राहिलें. धुळ्याकडचा आमचा वडिलोपार्जित माळ ‘पडीक’ म्हणून मींच विकला. कागदावर तो शब्द वाचून सही करतांना हात अडखळला नाहीं. लहानपणीं त्याच माळावर वडिलांनीं मला टिटवीचें अंडें दाखविलें होतें. तें त्या वेळीं आठवूं नये! आतां तेथें तारेचें कुंपण आहे. आंत पाऊल टाकावयाचें तर परवानगी मागावी लागते.

परततांना स्नेह्यानें तो प्रश्न पुन्हां विचारला नाहीं. तो खालीं पाहून, एकेक पाऊल जपून टाकीत चालला होता.