वेळासचे पाहुणे

कोकणात जायचे म्हटले की आमच्या घरी पहिली चर्चा होते ती माशांची आणि दुसरी आंब्यांची. यंदा मार्चमध्ये मात्र मुलीने हट्ट धरला, “बाबा, मला कासवे पाहायची आहेत.” वर्गात साठ मुलांना गप्प बसवणाऱ्या प्राध्यापकाचे घरातल्या एका मुलीपुढे काही चालत नाही. बागमांडल्याला फेरीबोटीत बसून सावित्रीची खाडी ओलांडली, वेसवीला उतरलो आणि बाणकोटमार्गे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकावरचे वेळास गाठले.

नाना फडणविसांचे हे मूळ गाव. पण हल्ली इथे येणाऱ्यांत नानांची चौकशी करणारा विरळाच. जो तो कासवांचा पत्ता विचारतो!

रात्री कुळथाची पिठी वाढता वाढता घरच्या वहिनी म्हणाल्या, “पूर्वी वाळूतली अंडी उकरून आणीत. कोणी खाई, कोणी विकी. आता त्याच कासवांच्या पायगुणाने घरात पाहुणे येतात.”

चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ साली हे काम हाती घेतले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि मागे वळूनही न पाहता समुद्रात निघून जाते. ती अंडी गोळा करून कुंपणातल्या वाळूत पुरायची आणि पिल्ले निघाली की समुद्रात सोडायची, हा क्रम. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. गावाला चार पैसे मिळाले आणि अंडी चोरणारे हात अंडी राखू लागले.

पहाटे आम्ही किनाऱ्यावर दोरीमागे उभे राहिलो. कार्यकर्त्याने कुंपणातली टोपली उचलली. खाली तळहाताएवढीही नसलेली काळी पिल्ले वळवळत होती. वाळूवर सोडताच ती लुटुलुटु लाटेकडे निघाली. सगळ्यांचे श्वास रोखलेले. तेवढ्यात मुलीने विचारले, “बाबा, आपण सातला आलो म्हणून ती सातलाच निघाली का?”

मी निरुत्तर झालो. कार्यकर्ता हसून म्हणाला, “नाही बाळ, एरवी ती बहुधा रात्रीच बाहेर पडतात.”

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. निसर्गरक्षणाचा अभ्यास करणारे विद्वान गावात येतात तेही आधी माणसांनाच विचारतात : किती घरांना रोजगार मिळाला? उत्पन्न किती वाढले? प्रश्न रास्त आहेत. उपाशी माणसाला ‘अंडे राख’ म्हणून सांगणे पोट भरलेल्यालाच सुचते. पण सारा हिशेब माणसाच्याच वहीत मांडला, तर ज्या वर्षी पाहुणे येणार नाहीत त्या वर्षी कासवाची किंमत शून्य धरायची काय?

कासवाची वही निराळी आहे. वाळू तापली की अंड्यांतून माद्या अधिक निपजतात, थंड राहिली की नर. म्हणजे तापत्या हवेचा जमाखर्च तिथे मांडला जातो. ‘आपली कोकणातली कासवे’ असे आपण कौतुकाने म्हणतो. पण २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. मधला प्रवास सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांचा! तिला ना जिल्हा ठाऊक, ना महोत्सव.

परतताना फेरीबोटीत सौभाग्यवतींनी खर्चाची वही काढली. ‘कासवे’ असे सदर घालून तिने खाली लिहिले : खोलीभाडे, जेवण, फेरीबोट, कोकम आगळ. मुलीने वाकून पाहिले आणि म्हणाली, “आई, यात कासवांचे काय आहे?”

तिने पेन्सिल थांबवली. पण सदराला दुसरे नाव दोघांनाही सुचले नाही.