कमरेची किल्ली

दर दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेला माझी आत्या नांदेडच्या बसस्थानकावर लातूरच्या गाडीत बसते. बोचकं मांडीवर घट्ट धरलेलं. त्यात दोन लुगडी, औषधांची पिशवी आणि अडकित्ता. एक महिना नांदेडच्या लेकाकडं, एक महिना लातूरच्या. आमच्याकडं याला पाळी म्हणतात. सामायिक विहिरीच्या पाण्याला जो शब्द, तोच आईला. ‘म्हातारीची पाळी सध्या कुणाकडं हाय?’ असं लोक सहज विचारतात, आणि तिच्यासमोरच विचारतात.

कंडक्टर येतो. ती पदराच्या गाठीतून आधार कार्ड काढते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एस. टी. फुकट आहे, त्यामुळं मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट येतं. ती ते चार घड्या घालून चंचीत ठेवते. “पैसे घेतले न्हाईत त्यानं, पर तिकीट दिलं,” असं ती मला दर वेळी सांगते. कुणाला न विचारता, कुणाकडं हात न पसरता तिला मिळणारी ही एवढीच गोष्ट असावी.

लोहा जातं, माळाकोळी जातं. मागं एकदा तिला पोचवायला निघालो होतो तेव्हा अहमदपूरच्या पुढं मागच्या बाकावर लातूर जिल्हा परिषदेच्या ठरावाचा विषय निघाला होता. नोव्हेंबर 2020 मध्ये त्या जिल्हा परिषदेनं ठरवलं, की जे कर्मचारी आईबापांना सांभाळत नाहीत त्यांच्या पगारातला तीस टक्के भाग कापायचा आणि तो आईबापांच्या खात्यावर टाकायचा. बारा जणांविरुद्ध तक्रारी आल्या होत्या, त्यांत सहा शिक्षक. घरची गोष्ट चावडीवर नेली म्हणून तेव्हा पुष्कळांना वाईट वाटलं. मला वाटलं नाही. लेकाला डी. एड. करण्यासाठी जिनं शेताचा तुकडा विकला असेल, ती त्याच लेकाविरुद्ध अर्जावर अंगठा उठवते, तेव्हा त्याआधी किती वर्षं ती गप्प बसली असेल? आमच्या बाया मरतील, पण ‘लेकराच्या नोकरीला धक्का लागल’ म्हणून तोंड उघडणार नाहीत.

आईबापांच्या सांभाळाचा कायदा 2007 पासून आहे. प्रांताकडं अर्ज करता येतो, वकील लागत नाही. सांभाळण्याच्या अटीवर जमीन लेकाच्या नावावर केली आणि त्यानं सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्रही रद्द होऊ शकतं. या कायद्यानं ‘अपत्य’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात असं म्हटलंय. सून त्यात नाही. पण रात्री दोनला उठून म्हातारीला मोरीपर्यंत नेते ती सूनच, आणि सकाळी डबे भरून कामाला जाते तीही तीच. तिच्या थकव्याबद्दल आपण बोलत नाही, आणि मग घरात भांड्यांचा आवाज वाढतो.

माझे आतेभाऊ वाईट नाहीत. हे मी मनापासून सांगतो. औषध वेळेवर असतं, डोळ्यांचं ऑपरेशन चांगल्या डॉक्टरांकडं झालं. पण दोन्ही घरांत तिची बाज हॉलमध्ये, टीव्हीच्या कडेला. पाहुणे आले की ती उठून आत जाते. पाणीसुद्धा ‘जरा देता का गं’ असं विचारून पिते. तिच्या कमरेला मात्र एक किल्ली आहे, करदोड्याला बांधलेली. गावाकडच्या घराची. अंघोळीलाही ती काढत नाही.

तिचं गाव किल्लारीच्या शेजारचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले होते तेव्हा, भूकंपात माळवदं बसली. दगडमातीच्या त्या घरांना ढाळज असायची. म्हातारी माणसं तिथं बसत. येणारा-जाणारा आधी त्यांच्याशी बोले, मग आत जाई. पुनर्वसनात जमीन बघून 250, 450 नाहीतर 750 चौरस फुटांची घरं मिळाली. आत्याच्या वाट्याला अडीचशेचं आलं. त्याला ढाळज नव्हती. तिनं दारापुढं मातीचा ओटा घातला आणि पंचवीस वर्षं त्यावर बसली. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेले, गुडघे गेले, मग पाळी सुरू झाली.

गेल्या दिवाळीनंतर ती मला म्हणाली, “बापू, चार दिस गावाकडं सोड.” आतेभावांना काळजी वाटली, ती बरोबरच होती. मी सोबत गेलो. कुलूप गंजलेलं, किल्ली तीनदा फिरवावी लागली. आत जाळ्या होत्या, उंदरांनी कुरतडलेली वाकळ होती. तिनं मला हात लावू दिला नाही. गुडघ्यावर हात ठेवत स्वतः झाडलं, ओट्यावर पाणी मारलं, बाज बाहेर ओढली. अर्ध्या तासात शेजारच्या तिघी येऊन बसल्या. एकीनं वाटीत दूध आणलं.

मी बाहेर उभा होतो. पाच वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज मोठा झालेला ऐकला.

“उभा का रे? बस की. च्या टाकते.”