काचेपलीकडील जीव

मत्स्यालयांतील माशांचीं छायाचित्रें घेणें हा वरवर पाहतां सोपा खेळ वाटतो. परंतु आम्हां भावंडांस त्यानें पुष्कळ शिकविलें. आमच्या टांकींत निऑन टेट्रा जातीचे आठ मासे होते. हा मासा मूळचा ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांतला. लांबी जेमतेम ३ सेंटिमीटर. त्याच्या अंगावरील निळी रेघ त्वचेंतील सूक्ष्म स्फटिकांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते. म्हणून कोन बदलतांच तिची छटा पालटते.

मॅक्रो भिंग एवढ्याशा जिवास मोठें करून दाखवितें, पण त्यांतून स्पष्ट दिसणारा पट्टा कांहीं मिलिमीटरच उरतो. मासा किंचित् सरला कीं चित्र धूसर झालेंच! यासाठीं आम्ही काच स्वच्छ पुसतों, खोलींत अंधार करून टांकीवर दिवा ठेवतों, आणि कॅमेरा काचेसमोर सरळ धरून वाट पाहतों. तिरपा धरल्यास प्रतिमा विकृत होते.

एकदां चित्र निरखतांना एका माशाच्या परावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. या रोगाचे परोपजीवी जंतु माशास सोडून तळाशीं जातात, तेथें शेंकडोंनीं वाढतात व पुन्हां नवा मासा शोधतात. म्हणून साऱ्या टांकीसच औषध द्यावें लागलें. दोन मासे गेले, सहा वांचले.

सुंदर चित्राच्या लोभानें आम्हीं भिंग हातीं घेतलें. त्यानें आपल्या स्वाधीन असलेल्या मुक्या जिवांकडे रोज नीट पाहण्याची संवय लाविली. वाचकहो, ज्यांस आपण पाळतों, त्यांस निरखूनही पाहावें.