दोन मानपाडे, तीन दिवस

2025 साली 15 ऑगस्ट शुक्रवारी आला. पुढे शनिवार-रविवार. मालकांची कंपनीत ड्युटी होती, म्हणून धाकट्याला घेऊन मी एकटीच पुण्याहून सकाळच्या सिंहगड एक्स्प्रेसने माहेरी निघाले. माहेर म्हणजे मानपाडा. पण मानपाडा म्हटले की ऐकणारा विचारतोच, "कुठला?" एक डोंबिवली पूर्वेचा, कल्याण-शीळ रस्त्यालगतचा. दुसरा ठाण्याचा, घोडबंदर रस्त्यावरचा. एकात माझी आई, दुसऱ्यात मामा. माझ्या लग्नाला गावाकडचे दोन पाहुणे ठाण्याच्या मानपाड्यात जाऊन उतरले आणि जेवणावळी उठल्यावर आमच्या दारात पोहोचले! आता मेट्रोच्या दोन वेगवेगळ्या मार्गांवर दोन्हीकडे मानपाडा नावाचे स्थानक ठरले आहे. पाहुण्यांनी सांभाळून यावे.

कल्याणला उतरून लोकलने डोंबिवली, तिथून शेअर रिक्षा. चार रस्ता, स्टार कॉलनी, सागाव करीत रिक्षा पुढे गेली तसा एमआयडीसीचा तो ओळखीचा वास नाकात शिरला. मुलाने नाक दाबले. मला मात्र वडील आठवले. 72 च्या दुष्काळानंतर जालन्याकडून ते इकडे आले आणि एका केमिकल कंपनीत हेल्पर म्हणून लागले. कामावरून आले की त्यांच्या सदऱ्याला हाच वास असायचा. आई तो सदरा वेगळ्या बादलीत भिजवायची. वडील गेले त्याला अकरा वर्षे झाली. आई अजून त्याच चाळीच्या खोलीत एकटी राहते.

या खेपेला मनात एक काम होते. आईला गुडघ्यांमुळे चढउतार होत नाही. पिंपरीला ती यायला तयार नाही. तेव्हा इथेच जवळ एक वन रूम किचन घ्यावे, थोडे पीएफचे, थोडे कर्जाचे, असे आम्हा दोघांचे ठरत आले होते. एका इमारतीचे छापील पत्रकही पिशवीत होते. भाव इतका कमी, की मी खूश होते.

शनिवारी भर पावसात माझी वर्गमैत्रीण भेटायला आली. "जयभीम गं" म्हणत आत शिरली ती पूर्वीसारखीच हसत. शाळेतल्या गोष्टी निघाल्या. आमच्यातली कोण नर्स झाली, कोणाचा मुलगा वकिलीला आहे, कोण गेली. मग मी ते पत्रक दाखवले. तिचे हसणे थांबले.

तिनेही असेच स्वस्तातले घर घेतले होते. डोंबिवली परिसरातल्या ज्या 65 इमारती बनावट परवानग्यांवर उभ्या राहिल्या, त्यातली एक तिची. महापालिकेची खोटी बांधकाम परवानगी दाखवून महारेराचा नोंदणी क्रमांक मिळवला गेला होता. क्रमांक खरा, पण त्याच्या मुळाशी असलेला कागद खोटा. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. "बँकेने कर्ज दिलं, नोंदणी झाली, मुद्रांक शुल्क भरलं. आणखी काय बघायचं होतं मी?" ती म्हणाली. हप्ता अजून चालू आहे. घरातले सोने केव्हाच गेले. बिल्डरचा फोन लागत नाही.

या भागाची कथाही तशीच आहे. इथली 27 गावे 1983 मध्ये महापालिकेत गेली, 2002 मध्ये बाहेर काढली, 2015 मध्ये पुन्हा आत घेतली. कधी ग्रामपंचायत, कधी महापालिका. साध्या माणसाने कोणाचा शिक्का खरा मानायचा? मैत्रिणीने मला एकच सांगितले, "परवानगीचा नंबर घे आणि स्वतः महापालिकेच्या नगररचना खात्यात जाऊन विचार. एजंटाला पाठवू नकोस." जाताना ते पत्रक तिने पुन्हा एकदा हातात घेतले, मागून-पुढून पाहिले आणि परत दिले.

रविवारी ठाण्याच्या मानपाड्याला गेलो. मामांच्या मागे येऊरचे डोंगर पावसाने हिरवेगार, आणि रस्त्यावर मेट्रोचे खांब. टिकुजिनीवाडीपासून थेट बोरिवलीपर्यंत डोंगराखालून जोडबोगदा निघतो आहे. मामा म्हणाले, "पूर्वी बोरिवलीला जायचं म्हणजे अख्खा घोडबंदर रस्ता पालथा घालावा लागे. आता उंदरासारखं जाता येईल." मामींनी सुकटीची चटणी आणि भाकरी केली होती. माझा मुलगा तीन भाकऱ्या खाऊन उठला. घराचा विषय मी काढलाच नाही.

संध्याकाळी निघताना आईला सगळे सांगितले. वाटले, ती हिरमुसेल. ती म्हणाली, "ह्या खोलीची पावती तुझ्या बापाने ट्रंकेत ठेवलीय. तीपण एकदा बघून घे. खरी हाय का, आपल्याला तरी कुठं ठावं?"

ट्रंकेची किल्ली सापडेना. गाडीची वेळ झाली होती. आता दिवाळीच्या सुटीत जायचे आहे. त्या पत्रकावरचा परवानगीचा नंबर मी वहीत लिहून घेतला आहे.