टिबुकलीची हद्द

खातेगांव म्हणजे पूर्वीच्या होळकरशाहीतल्या निमावर जिल्ह्याचा मुलूख. आमचे आजोबा संस्थानच्या दप्तरात कारकून म्हणून इकडे आले आणि नर्मदेच्या उत्तरेकडील या काळ्या मातीत घराणे असे रुजले की, उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर मालवी ही आमची वहिवाटच होऊन बसली. गावाबाहेरच्या तलावावर शेजारी ज्या पक्ष्याला पनडुब्बी म्हणतात, ती आमची टिबुकली: कबुतराहून लहान, शेपटी जवळजवळ नाहीच, आणि बुडी मारली की कोठे वर येईल याचा भरवसा नाही.

छायाचित्रणाच्या पहिल्या वर्षी मी तिचे घरटे टिपले, आणि ते चित्र आजही कोणास दाखवीत नाही. पाणवनस्पतींच्या त्या तरंगत्या ढिगावरून उतरण्यापूर्वी तिने लगबगीने ओले शेवाळ ओढून अंडी झाकली, ते तिचे गृहकृत्य समजून मी सोत्साह कळ दाबीत राहिलो. वस्तुतः तो माझ्याविरुद्धचा तक्रारअर्ज होता. मी पाऊण तास बसलो, आणि तेवढा वेळ ती घरट्याकडे फिरकली नाही. घालते वेळी पांढरी असणारी अंडी या कुजक्या पांघरुणाने पुढे तपकिरी होतात. प्रत्येक डाग हा कोणी ना कोणी जवळ आल्याचा दाखलाच म्हणावा काय, असे तेव्हापासून मनात येते. सलीम अलींचे स्नेही, पक्षी-छायाचित्रकार लोके वान थो यांच्या पिढीला घरट्यासमोर आडोसा उभारल्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण दूरची भिंगे तेव्हा तोकडी होती. माझ्या चारशे मिलिमीटरच्या भिंगाला ती सबब लागू नाही.

म्हणून आता मी अंड्यांच्या वाटेस जात नाही. पिले बाहेर पडून आईबापांच्या पाठीवर बसू लागली, की ते कुटुंब आपली हद्द स्वतःच आखते, आणि आपण ती मान्य करून काठावर पालथे पडून राहावे. भिंगाखाली मी घरच्या गव्हाची पिशवी ठेवतो; गेल्या श्रावणात ती इतकी भिजली की, आठवड्याने शिवणीतून कोंब डोकावू लागले. पाण्याच्या चकाकीने कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि काळसर पिले कोळशाच्या खड्यांसारखी उमटतात, तेव्हा एक्सपोजर थोडे वाढवून घेणे बरे.

अशाच एका सकाळी एक पक्षी पंख किंचित उचलून स्थिर तरंगत होता, आणि डोक्यामानेवर फिकट पट्टे असलेली पिले मागच्या बाजूने धडपडत त्याच्या पाठीवर चढत होती. नर कोणता, मादी कोणती, हे रंगावरून सांगता येत नाही. दोघेही उबवतात, दोघेही वाहतात. दुसरा चतुराची अळी घेऊन आला, ती पिलाच्या चोचीत मावेना, तेव्हा त्याने ती पाण्यात आपटून पुन्हा पुढे केली. ही तारांबळ पाहताना कळ दाबायची राहूनच गेली. पुढे ते सारे बिऱ्हाड आपण होऊन वीसेक हातांवर आले, आणि मी श्वास रोखून चार चित्रे घेतली. पाचव्या वेळी वरून घारीची सावली सरकली, पंख मिटले, पाठ गुळगुळीत झाली.

पिले चार होती. माझ्या चित्रात तीन दिसतात; चौथ्याची पिसांतून डोकावणारी नुसती गुलाबी चोच आहे.